ई सुन-शिनच्या समुद्रात कालवं पिकतात

कोरियात समुद्र बघायचा म्हटलं की सगळे बुसानचं नाव घेतात. बुसान आहेच सुंदर, आणि आम्हीही जाऊन आलोय. पण मला समुद्रावर गेलं की बंदर लागतं. मासळी उतरताना दिसायला हवी, जाळी वाळत पडलेली दिसायला हवीत, भावावरून घासाघीस करणाऱ्या बायकांचे आवाज कानावर यायला हवेत. मी देवगड तालुक्यातली. पुळणीवर खुर्ची टाकून लाटांकडे बघत बसण्यापेक्षा लिलावाच्या गर्दीत उभं राहायला मला नेहमीच जास्त आवडलं आहे. म्हणून मार्चच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी आम्ही दोघं थोंगयोंगला गेलो. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतेय, जा म्हणून. आता लिहूनच ठेवते.

थोंगयोंग कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, बुसानच्या पश्चिमेला. तिथे रेल्वे जात नाही, त्यामुळे सोलहून येणाऱ्यांना ते लांब पडतं. आम्ही राहतो देजॉनला. देजॉन ते थोंगयोंग हा महामार्ग २००५ मध्ये पूर्ण झाल्यापासून बसने अडीच तासांचं काम आहे. वाटेत दग्यूसानच्या माथ्यावर अजून बर्फ होतं. जिंजू मागे पडल्यावर मात्र हवा बदलली आणि बसमधल्या लोकांनी जाड कोट काढून मांडीवर घेतले.

बसस्टँड शहराच्या बाहेर आहे. टॅक्सीत बसल्या बसल्या मी चालकाला विचारलं, ‘किसानिम, कालवांचा हंगाम संपला का हो?’ परदेशी बाई पहिलाच प्रश्न कालवांचा विचारते, याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की थेट हॉटेलवर न नेता त्यांनी किनाऱ्याकडे गाडी वळवली आणि एका लांबलचक पत्र्याच्या शेडपाशी थांबवली. आत उंच टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या. बहुतेक साठीच्या पुढच्या. रबरी हातमोजे, रबरी एप्रन, डोक्याला रुमाल, हातात आखूड पात्याची सुरी. समोर कालवांचा ढीग. बिजागरीच्या बाजूला सुरीचं टोक घालायचं, मनगट फिरवायचं, वरचं कवच उडवायचं, मांस खरवडून भांड्यात टाकायचं. माझ्या डोळ्यांना एक हालचाल पुरती कळेपर्यंत तिसरं कालव उघडलेलं असायचं. मजुरी वजनावर. काम पहाटे, अंधार असतानाच सुरू होतं. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रोज हेच.

आमच्याकडे कालवं काढायची म्हणजे सुकतीची वेळ बघून खडपावर जायचं. पाणी उतरलं की खडकाला चिकटलेली कालवं उघडी पडतात, आणि बायका उन्हात उकिडव्या बसून लोखंडी टोकाने ती एकेक फोडतात. पाय कापतात, बोटं चिरतात, आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम एक डबा भरतो. थोंगयोंगची कालवं खडकावर वाढतच नाहीत. समुद्रात तरंग्यांच्या ओळी सोडलेल्या असतात, त्यांना जाडजूड दोर बांधलेला, आणि त्या दोरावरून खाली पाण्यात कितीतरी दोऱ्या लोंबत असतात. शिंपल्यांवर कालवांची पिल्लं चिकटवून घेतात आणि ते शिंपले या दोऱ्यांत ओवतात. खडकावरच्या कालवाला ओहोटीच्या वेळी तोंड मिटून उपाशी बसावं लागतं. इथली चोवीस तास पाण्यात असतात, म्हणून चोवीस तास खातात आणि भराभर वाढतात. ती मोठी का असतात, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

दाराशी उभ्या असलेल्या अजुम्माने, म्हणजे मावशीने, सुरीच्या टोकावर एक कालव माझ्यापुढे धरलं. लिंबू नाही, चटणी नाही. मी तसंच तोंडात टाकलं. गार, मऊ, दुधाळ, खारटपणा बेताचा. आमची कालवं लहान, चिवट आणि चवीला तिखट खारी. मी कुणाला आमच्यापेक्षा चांगली म्हणणार नाही, पण हे वेगळं होतं आणि फार छान होतं. नवरा लातूरचा. लग्नाआधी त्याने समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. त्यानेही न कचरता खाल्लं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. आईला फोटो पाठवला, तर तिचा लगेच फोन: ‘किती गो मोठी ही! नि ह्या बायकांका उभ्यान काम कसा जमता?’ मी त्या अजुम्माला आईचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, आईला सांग, कंबर दुखते, पण बसून केलं तर जास्त दुखते.

शेडच्या मागे कवचांचा डोंगर होता. अक्षरशः डोंगर. या कवचांचं काय करायचं हा इथला जुना प्रश्न आहे. काही पुन्हा पिल्लं धरायला वापरतात, काहींचं खत होतं, तरी ढीग उरतातच. तरंग्यांचंही तसंच. वर्षानुवर्षं ते पांढऱ्या थर्माकोलचे होते, त्यांचा चुरा होऊन समुद्रभर पसरायचा. आता त्यांच्या जागी न फुटणारे तरंगे आणताहेत. शेतीच म्हटल्यावर शेतीचे प्रश्न आलेच.

दुपारी कांगगुआनच्या धक्क्यावर जेवलो. कांगगुआन म्हणजे शहराच्या पोटात शिरलेलं छोटं बंदर. एका बाजूला मासेमारीच्या बोटी, दुसऱ्या बाजूला कासवनौकांच्या, म्हणजे कासवाच्या पाठीसारखं छप्पर असलेल्या जुन्या लढाऊ जहाजांच्या, प्रतिकृती, आणि समोर किंबापच्या, म्हणजे समुद्रशैवालाच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या भाताच्या, दुकानांची रांगच रांग. इथल्या किंबापला छुंगमू किंबाप म्हणतात, कारण १९९५ पर्यंत या शहराचं नाव छुंगमू होतं. नेहमीच्या किंबापात भाताबरोबर भाज्या, अंडं, मांस असं सगळं गुंडाळलेलं असतं. इथे बोटाएवढ्या गुंडाळ्यांत फक्त कोरा भात, आणि शेजारी वेगळं वाढलेलं तिखट माकुल (स्क्विड) आणि मुळ्याची किमची. पूर्वी बुसान ते योसू जाणाऱ्या प्रवासी बोटी या धक्क्याला लागायच्या, तेव्हा बायका बोटीवर चढून किंबाप विकायच्या. उन्हात आतलं सारण आंबायचं, म्हणून त्यांनी भात आणि तोंडीलावणं वेगळं केलं. १९८१ मध्ये सोलला मोठा लोककला महोत्सव झाला, तिथे थोंगयोंगच्या एका आजींनी हे विकलं आणि ते देशभर गेलं. भाकरी आणि ठेचा फडक्यात वेगळे बांधून रानात नेणाऱ्यांना यातला शहाणपणा वेगळा सांगायला नको.

जेवून हान्सान बेटाची बोट धरली. मी थोंगयोंगला आले ती मुख्यतः याच बोटीसाठी.

ई सुन-शिन या सोळाव्या शतकातल्या आरमारी सेनापतीचं नाव कोरियात राहणाऱ्या कुणालाही टाळता येत नाही. शंभर वॉनच्या नाण्यावर तेच आहेत आणि सोलच्या मुख्य चौकात त्यांचाच पुतळा उभा आहे. १५९२ मध्ये जपानच्या तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर स्वारी केली. बुसानला उतरलेली फौज काही आठवड्यांत सोलला पोचली, राजा उत्तरेला पळाला. जमिनीवर सगळं हातचं जात होतं. मात्र त्या फौजेला पश्चिम किनाऱ्याने रसद पोचवायची तर या बेटांमधून गलबतं न्यावी लागणार होती, आणि इथे ई सुन-शिन होते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये जपानी सरदार वाकिसाका यासुहारू ७३ जहाजं घेऊन ग्योन्नेर्यांगच्या खाडीत येऊन थांबला. ग्योन्नेर्यांग म्हणजे कोजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली चिंचोळी सामुद्रधुनी. अरुंद पाणी आणि खाली खडक, तिथे मोठ्या जहाजांना वळायला जागा नाही. शिवाय हरलेला शत्रू पोहून काठावर निसटणार. म्हणून ई सुन-शिन आत शिरलेच नाहीत. त्यांनी आपली पाच-सहा जहाजं पुढे पाठवली, थोडी चकमक करून ती मागे फिरली, आणि वाकिसाका पाठलाग करत हान्सानसमोरच्या मोकळ्या पाण्यात आला. तिथे बाकीचं आरमार बेटांच्या आडून निघालं आणि क्रौंचाने पंख पसरावेत तसं अर्धगोलात पसरलं. या रचनेला कोरियन भाषेत हाग्-इक्-जिन म्हणतात. मधे सापडलेल्या जपानी जहाजांवर तिन्ही बाजूंनी तोफा चालल्या. ७३ पैकी ५९ जहाजं बुडाली किंवा हाती लागली.

पुस्तकात वाचताना मला हे सगळं शौर्याचं वाटायचं. बोटीच्या डेकवर उभं राहिल्यावर ते नौकाशास्त्राचं वाटलं. कोरियन लढाऊ जहाजांचे, फानोक्सनचे, तळ सपाट होते. सपाट तळाचं जहाज उथळ पाण्यात चालतं आणि जागच्या जागी गिरकी घेतं, म्हणजे एका बाजूच्या तोफा झाडून लगेच दुसरी बाजू शत्रूसमोर आणता येते. जपानी जहाजांचे तळ निमुळते, सरळ पळायला वेगवान, वळायला जड. पंखाची रचना नुसती हुशारी नव्हती, सपाट तळ नसते तर ती जमलीच नसती. आमच्याकडच्या गुराबा आणि गलबतंही कमी पाण्यात चालणारी, खाडीत शिरू शकणारी होती, आणि त्यांच्या जोरावर आंग्र्यांच्या आरमाराने मोठ्या युरोपीय जहाजांना जेरीस आणलं. आपल्या किनाऱ्याचं पाणी ओळखून बोट बांधणं ही एकच अक्कल दोन्हीकडे आहे. ई सुन-शिन त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षं होऊन गेले, एवढाच फरक. हे मी नवऱ्याला इतक्या उत्साहाने सांगत होते की शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी, एक अक्षर कळत नसताना, ‘हाग्-इक्-जिन?’ असं विचारून दोन्ही हात पंखांसारखे पसरले. माझ्या हातवाऱ्यांवरून त्यांनी विषय ओळखला होता. मग उरलेला वेळ त्यांनीच हात करून दाखवलं, शत्रू कुठून आला, आपले कुठे लपले होते. बोट लढाईच्या पाण्यावरून जात होती आणि दोन्ही बाजूंना त्याच पाण्यात कालवांच्या तरंग्यांच्या ओळी होत्या.

बेटावर उतरलं की पाइन आणि कॅमेलियाच्या झाडांमधून किनाऱ्याकिनाऱ्याने वाट चेसुंगदांगला जाते. कॅमेलिया नुकत्याच बहरात होत्या. त्यांचं फूल पाकळी पाकळी गळत नाही, अख्खं पडतं, त्यामुळे वाटेवर लाल फुलं मांडून ठेवल्यासारखी दिसत होती. इथे १५९३ पासून ई सुन-शिनचं मुख्य ठाणं होतं. त्या वेळचं आज काही उभं नाही. १५९७ मध्ये दरबारातल्या कारस्थानामुळे त्यांना पकडून सोलला नेलं, त्यांच्यामागे आरमाराची धूळधाण झाली आणि हे ठाणं जळालं. सध्याच्या बऱ्याच इमारती १९७० च्या दशकातल्या जीर्णोद्धारातल्या आहेत. त्यामुळे इमारतींसमोर मी फार थांबले नाही. थांबले ते पाण्यावर झुकलेल्या टेहळणीच्या सज्जात आणि धनुर्विद्येच्या मैदानावर. तिथे नेम धरायची जागा या काठावर आणि लक्ष्य पलीकडच्या काठावर, मधे समुद्राचं पाणी. जहाजावरून जहाजावर बाण मारायचा तर अंतराचा अंदाज पाण्यावरच घ्यायला शिकलं पाहिजे.

लढाईच्या काळात ई सुन-शिन रोजनिशी लिहायचे. ती शिल्लक आहे, २०१३ मध्ये युनेस्कोने तिची नोंद जागतिक दस्तऐवजांत केली. त्यात रोजची हवा आहे, कोण भेटायला आलं, किती बाण मारले, पोटात कसं दुखलं, रात्री झोप कशी लागली नाही, आईची तब्येत कशी आहे. १५९७ मध्ये सुटका होऊन पुन्हा आघाडीकडे जाताना वाटेतच त्यांना आई गेल्याची बातमी मिळाली. सोलच्या चौकातला पुतळा फार उंच आहे. या सज्जात उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा तो माणूस दिसला, हवेची नोंद करणारा आणि आईची काळजी करणारा.

रात्रीचं जेवण चुंगांग बाजारात. जमिनीवर लाल प्लास्टिकच्या टोपल्यांत जिवंत मासे, मागे बायका बसलेल्या. मासा निवडायचा, भाव करायचा, त्या तिथेच साफ करून पातळ कापून देतात. मग शेजारच्या खानावळीत जायचं. तिथे माणशी ठरावीक पैसे घेतात आणि पानं, लसूण, तिखट-आंबट छोजांग, भांडी, जागा सगळं देतात. शेवटी डोकं आणि काट्यांचं लालभडक कालवण करून आणतात. माझ्या नवऱ्याचं मत असं की कच्च्या माशासाठी लोक येतात, पण खरी गोष्ट ते कालवण आहे. मी सहमत आहे.

सकाळी सोहो बाजारात गेलो. हा बाजार पहाटेचा, बोटीवरून येणाऱ्यांचा. तिथे शिराक्कुक मिळतं: वाम माशाची डोकी आणि काटे तासन्तास उकळून काढलेल्या पाण्यात वाळवलेला मुळ्याचा पाला. लांब टेबलाच्या मधोमध तोंडीलावण्यांची भांडी, ज्याने त्याने हवं ते वाढून घ्यायचं. माझ्या शेजारी गमबूट घातलेले एक काका बसले होते. त्यांनी एका छोट्या डबीतली करडी पूड वाटीवर भुरभुरवली आणि डबी माझ्याकडे सरकवली. मी वास घेतला आणि नवऱ्याचा दंड धरला. तिरफळ!

अगदी तेच नाही, पण सख्खं भावंड. कोरियन लोक त्याला छेपी किंवा जेपी म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्रात ते तिरफळाच्याच कुळातलं, झँथॉक्झायलमच आहे. सोलकडचे लोक ते फारसं वापरत नाहीत, दक्षिणेत माशाबरोबर घालतात. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ का घालतात, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, हिवसाण मरता. वामेच्या रश्श्यात छेपी का, असं मी काकांना विचारलं. त्यांनी नाक चिमटीत धरून दाखवलं. इतक्या दूरच्या किनाऱ्यावर, आमची भाषा, आमचे मासे काही ठाऊक नसलेल्या माणसांनी त्याच वासावर तोच उपाय शोधला होता. मला भरून आलं. मी दोन वाट्या प्याले.

तिथून चालत समुद्राखालच्या बोगद्यात गेलो. हा भाग नवऱ्याचा, तो सिव्हिल इंजिनीअर आहे. थोंगयोंग शहर आणि मिरुक बेट यांच्यामधल्या कालव्याखालून हा बोगदा जातो. १९३१-३२ मध्ये, जपानी राजवटीत बांधलेला, ४८३ मीटर लांब, आशियातला पहिला. समुद्राखाली म्हटल्यावर लोक काचेतून मासे दिसतील म्हणून येतात. तसं काही नाही, आहे ती साधी काँक्रीटची वाट, आत ओलसर गारवा. पण ती बांधली कशी, ते नवऱ्याने सांगितल्यावर मला तिचं अप्रूप वाटायला लागलं. समुद्राखालून पोखरत गेले नाहीत. दोन्ही बाजूंनी बांध घालून मधलं पाणी काढलं, कोरड्या पडलेल्या तळावर साचे लावून काँक्रीट ओतलं, आणि मग बांध काढून पाणी परत वर घेतलं. नव्वदहून अधिक वर्षं वर भरती-ओहोटी चाललीय. आम्ही आत असताना पर्यटक कमीच होते. भाजीची ढकलगाडी घेऊन एक आजी सोहो बाजारातून घरी निघाल्या होत्या, एक मुलगा कानात गाणी घालून पळायचा सराव करत होता. परक्या सत्तेने बांधलेली गोष्ट गावाने आपल्या रोजच्या पायाखाली घेतलीय.

मिरुकसानला केबल कार आहे, २००८ पासून. १,९७५ मीटरचा रोपवे, मग शिखरापर्यंत थोड्या पायऱ्या, ४६१ मीटर उंची. वरून बेटंच बेटं दिसतात. वर्णन करत नाही, तिथला कुठलाही फोटो खरा आहे. मी मात्र बेटांपेक्षा पाण्यावरच्या तरंग्यांच्या रेघा बघत होते. वरून कळतं की इथला समुद्र केवढा नांगरलेला आहे.

खाली आल्यावर युन ई-सांग यांच्या समाधीवर गेलो. हे संगीतकार थोंगयोंगमध्ये वाढले, जन्म १९१७ चा. पुढे जर्मनीत गेले, युरोपात नाव झालं. १९६७ मध्ये कोरियाच्या गुप्तहेर खात्याने त्यांना पश्चिम बर्लिनमधून उचलून सोलला आणलं, उत्तर कोरियासाठी हेरगिरी केल्याचा आरोप ठेवला, छळ केला, जन्मठेप दिली. स्त्राविन्स्की, कारायान यांच्यासारख्या जगभरच्या कलावंतांनी निषेध केला आणि १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. ते जर्मनीला परतले आणि त्यानंतर त्यांना थोंगयोंग पुन्हा बघायला मिळालं नाही. १९९५ मध्ये ते बर्लिनमध्ये वारले. २०१८ मध्ये त्यांच्या अस्थी इथे आणल्या आणि संगीतसभागृहाच्या अंगणात, समुद्राकडे तोंड करून पुरल्या. एक मोठा पसरट दगड, बाजूला पाइनचं झाड, समोर बेटं.

लहानपणी वडील त्यांना रात्री मासेमारीला घेऊन जायचे. अंधारात एका होडीवरून कोळी गाणं म्हणायचे आणि दूरच्या होडीवरून उत्तर यायचं, पाणी तो आवाज वाहून आणायचं, असं त्यांनी स्वतः सांगून ठेवलंय. आम्ही कट्ट्यावर बसून, एकेक इअरफोन वाटून घेऊन, त्यांचं चेलोचं संगीत ऐकलं. पाश्चात्त्य वाद्यवृंद असूनही त्यांचा स्वर सरळ उभा राहत नाही. तो लागतो, थरथरतो, मींड घेत वर जातो, कंप पावत उतरतो. आपल्याकडचं गाणं ऐकलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते अवघड गेलं होतं, तिथे समुद्रासमोर अजिबात गेलं नाही. इतकी वर्षं ज्याला देशाने येऊ दिलं नाही, त्याच्या गावात आज दर वसंतात आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव होतो आणि जगभरचे वादक येतात. चांगली गोष्ट आहे. पण त्या माणसाला जिवंतपणी एकदा हा धक्का दिसायला हवा होता, हे मला तिथून उठल्यावरही वाटत राहिलं, आणि आताही लिहिताना वाटतंय.

दोंगपिरांग ही टेकडीवरची वस्ती पाडायची ठरली होती, २००७ मध्ये स्थानिक लोकांनी भिंती रंगवून ती वाचवली. चित्रं दर दोन वर्षांनी बदलतात. छान आहे, पण लोक अजून तिथे राहतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवून फिरावं. मला तिथून खाली दिसणाऱ्या सेब्योंगग्वानची घाई झाली होती. ई सुन-शिननंतर आरमाराचं मुख्यालय इथे आलं आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रचंड लाकडी मंडप उभा राहिला. ५० खांब, भिंती नाहीत, छतावर जुनी रंगलेली तुळयांची नक्षी. जपान्यांनी भोवतालच्या मुख्यालयाच्या जवळजवळ सगळ्या इमारती पाडल्या, हा वाचला कारण त्यात शाळा भरवली जायची. राष्ट्रीय ठेवा आहे, तरी दोरी लावलेली नाही. चपला काढायच्या, वर चढायचं, फळ्यांवर बसायचं. एका खांबाला पाठ लावून नवरा चक्क झोपला. पहारेकरी बघून गेला, काही बोलला नाही. चारशे वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या त्या फळ्यांवर हात ठेवून मी बराच वेळ बसले. समोर कांगगुआनचं पाणी दिसत होतं.

निघताना सोहो बाजारातून छेपीच्या पुडीबरोबर सुके मासेही घेतले, आणि बसमध्ये खायला कुल्पांग: लाल घेवड्याच्या गोड सारणाचे तळलेले गोळे, वरून पाक आणि तीळ. पाक बोटांना चिकटतो, ओला रुमाल जवळ ठेवा.

देजॉनला आल्यावर कोरियन बांगड्याचं तिखलं केलं, छेपी घालून. तिरफळं आपण अख्खी ठेचून उकळीत सोडतो. या पुडीचं तसं चालत नाही, उकळली की वास उडतो. गॅस बंद करून वर घालायची आणि झाकण ठेवायचं. वास तिरफळापेक्षा जरा लिंबाकडे झुकणारा, जिभेला मुंग्या मात्र त्याच. आईला व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाली, ‘येताना माका हाड थोडी.’ तेव्हा पुन्हा जायचंच आहे. या वेळी योकजी बेटापर्यंत, कारण तिथे याच बांगड्याची समुद्रात पिंजरे टाकून शेती करतात आणि ताजा कापून वाढतात. बोट थोंगयोंगहूनच सुटते.